तिसरी उमेदवार

चाकूरच्या पुढं एका फाट्यावर कॉलेज आहे. तिथं वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाची एक जागा निघाली, आणि ती माझ्या नवऱ्याची, सुदर्शनची, आहे हे जाहिरात छापून यायच्या आधीच ठरलं होतं. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब माझ्या सासूबाईंचे चुलतमामा. अशा ठिकाणी मुलाखत म्हणजे सुपारी फुटल्यावर पोरगी बघायचा कार्यक्रम. पण कागदोपत्री तीन उमेदवार तरी दिसावे लागतात. जागा कुणाची आहे हे तालुकाभर झालं की बाहेरचं कुणी अर्ज करत नाही, म्हणून ज्याची जागा त्यानंच उरलेले दोघं शोधून आणायचे. त्यांना डमी म्हणतात. आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी.

सुदर्शननी एक डमी आणला, त्यांचा उदगीरचा मित्र मल्लिकार्जुन. दुसरी मी. मीही वनस्पतिशास्त्राचीच, लातूरच्या एका कॉलेजात तासिकेवर, म्हणजे तासाच्या पैशावर, शिकवते. सेट परीक्षा मी यांच्या आधी पास झाले, पण ते आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. माझ्या सगळ्या प्रमाणपत्रांवर माहेरचं आडनाव आहे, त्यामुळं नवरा-बायको एकाच जागेला उभे आहेत हे बाहेरच्या कुणाला कळणार नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, घरचं माणूस असताना लोकांचं ओझं कशाला घ्यायचं. मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू, पटलंच होतं.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात सुदर्शननी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं म्हणतात, तेव्हा गप्प बसू नये, हुशार प्रश्न विचारावा, असं त्यातला टायवाला माणूस सांगत होता. यांनी लगेच एक प्रश्न पाठ केला, संस्थेचं पुढच्या पाच वर्षांचं ध्येय काय म्हणून. मी भाकरी थापत होते. म्हटलं, आप्पासाहेबांचं ध्येय आमदारकी, हे शेंबडं पोर पण सांगंल. हे चिडले. म्हणाले, मग तूच सांग एखादा.

मी म्हटलं, ज्याचं उत्तर खरंच ऐकावंसं वाटतं तेच विचारा. आणि मला जे विचारावंसं वाटत होतं ते सांगितलं, मध्येच गळणाऱ्या पोरींचं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आमच्या बाकावर आम्ही चौघी होतो, दाटीवाटीनं. तिसऱ्या वर्षी त्या बाकावर मी एकटी, दप्तर ऐसपैस ठेवून. बाकीच्या तिघी कुठं गेल्या हे आम्हाला एकाही सरांनी विचारलं नाही. हजेरी घेताना त्यांची नावं नुसती गाळली जायची. यांना प्रश्न आवडला. आंघोळीला जाताना, गाडी पुसताना घोकत होते. मला बरं वाटत होतं. आपण जाणार नाही, पण आपला प्रश्न तरी जाईल.

मुलाखतीच्या दिवशी मल्लिकार्जुननं मला डमीचे कायदे शिकवले. अर्धी उत्तरं द्यायची, बाकीच्याला आठवत नाही म्हणायचं. शेवटी काही विचारायचं नाही. "वहिनी, आपण वऱ्हाडी," तो म्हणाला. "नवरदेवापेक्षा झ्याक दिसायचं न्हाई." आम्ही तिघंही हसलो. त्यानं अशी किती लग्नं लावली देव जाणे, स्वतः अजून तासिकेवरच आहे.

सुदर्शन आधी आत गेले आणि हसतच बाहेर आले. मी पहिलं हेच विचारलं, प्रश्न विचारला का. ते म्हणाले, "न्हाई. आप्पासाहेबांच्या कपाळाला आठी दिसली. होत आलेल्या कामात कशाला उगी खाजवून खरूज काढायची?" आतून काहीतरी खचलं, आणि तशीच मी आत गेले.

आत आप्पासाहेब, प्राचार्य आणि नांदेडहून आलेल्या विषयतज्ज्ञ पंचशीला मॅडम. मॅडमच्या सहीशिवाय निवड होत नाही, म्हणून आप्पासाहेब त्यांना स्वतः चहा पुढं करत होते. मॅडमनी नेच्याबद्दल, म्हणजे फर्नबद्दल, विचारलं. मी कायद्याप्रमाणं अर्धं उत्तर दिलं. मग त्या म्हणाल्या, पोरांनी नेचा कधी बघितलाच नसेल तर तुम्ही कसा शिकवाल? हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. विहिरीच्या कडेला, आतल्या दगडांच्या सांदीत बघा म्हणून सांगते, हे मी बोलून गेले. पोरी घरून पानं घेऊन येतात आणि त्यांच्या पाठीवरचे ठिपके भिंगातून बघताना कशा गप्प होतात, तेही सांगितलं. प्राचार्य घड्याळ बघत होते. आप्पासाहेब माझ्याकडं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "आता तुम्ही आम्हाला काही विचारा."

नाही म्हणायचं होतं. तोंडात नाहीच होतं. पण माझ्या आयुष्यात असं विचारणारी ही पहिलीच खोली होती, आणि मी विचारलं. "तुमच्याकडं पहिल्या वर्षाला जेवढ्या मुली येतात, त्यातल्या तिसऱ्या वर्षापर्यंत किती उरतात? आणि ज्या गेल्या त्यांच्या घरी कुणी जाऊन आलं का?"

प्राचार्य म्हणाले, निम्म्या गळतात, लग्नं होतात. आप्पासाहेब म्हणाले, त्याला कॉलेज काय करणार. मॅडमनी मात्र चष्मा काढला, पुसला आणि माझी फाईल पुन्हा उघडून पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. मला फार आनंद झाला. आणि त्याच क्षणी आपण काय करून बसलो ते कळलं.

थोड्या वेळानं मॅडम व्हरांड्यात आल्या आणि त्यांनी मला एका बाजूला बोलावलं. म्हणाल्या, गुण मी तुम्हाला जास्त दिलेत. तुमचं नाव पहिलं जातंय. पण अध्यक्ष म्हणतात, या बाई जागेवर येणारच नाहीत, दुसऱ्याचं नाव वर घ्या. "मी अध्यक्षांच्या तोंडचं धरणार नाही. तुम्ही सांगा. याल का?"

समोर लिंबाच्या झाडाखाली सुदर्शन उभे होते. मल्लिकार्जुननं आणलेल्या पेढ्याच्या पुड्याचा दोरा सोडत होते. त्यांना वाटत होतं, मी प्रमाणपत्रांचं काहीतरी बोलतेय. हो म्हटलं असतं तर ती जागा माझी होती, आणि गुणांनी ती माझीच होती. मला ती हवी होती. त्या झाडाखालच्या माणसापेक्षाही त्या घडीला ती जागा मला जास्त हवी होती, आणि हे कळून मला माझीच भीती वाटली.

मी म्हटलं, "न्हाई मॅडम. एक नंबरचे उमेदवार माझे मालक हायेत."

मॅडमनी हळूच विचारलं, "मग तुम्ही का आलात?"

"तिसरं माणूस लागत होतं."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, काढला आणि आत गेल्या. रागावल्या असत्या तरी चाललं असतं. अर्ध्या तासात सुदर्शनची निवड झाली. आप्पासाहेबांनी जाताना माझ्याकडं बघून मान डोलावली, सून शहाणी आहे अशी.

परत येताना मोटारसायकलवर सुदर्शन शीळ घालत होते. बऱ्याच वर्षांनी घालत होते. मॅडम काय म्हणत होत्या, असं त्यांनी मध्येच विचारलं. कागद बघत होत्या, असं मी सांगितलं. चाकूर गेल्यावर त्यांनी गाडी उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबवली, मला सावलीला बसवलं आणि ग्लास आधी माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "वर्षा, आता तू ते तासिकेचं सोडून दे. लई केलीस धावपळ उन्हातान्हाची. आता मी हाय ना. इथंच खोली करू, सुखानं घरी ऱ्हा."

रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. हुकूम सोडला असता तरी भांडले असते. पण ते मायेनं म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे.

मी रस पिऊन संपवला आणि बरं म्हटलं.