लावणारा एक, बुडवणारा दुसरा

मी एक जुना पिंजरा आहे. उंदीर पकडायचा.

मित्रांनो, एवढं वाचूनच तुम्ही पान उलटलंत, तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. छत्री, सायकल, शाळेचा फळा यांनी आपली कहाणी सांगितली तर ऐकायला बरं वाटतं. त्यांनी कुणाचं तरी भलं केलेलं असतं. पिंजऱ्याने काय सांगावं?

म्हणून आधी माझ्या अंगाची माहिती देतो. तारांची कूस, लाकडी तळ, वर एक आडवी सळई, आत एक आकडा. आकड्याला पाव अडकवायचा. पाव ओढला की सळई सुटते, स्प्रिंग सैल होते आणि दार खाली येतं. खट्. मला एवढंच येतं. कधी बंद व्हायचं हे मी ठरवत नाही. आणि उघडायला मला येतच नाही. त्यासाठी बाहेरून कुणाचा तरी अंगठा लागतो. माझ्या आत असतो तो अडकलेला, असं सगळे म्हणतात. खरं आहे. पण मी तरी कुठे जाणार असतो?

मला घेतलं ते एका बाइंडिंगच्या दुकानासाठी. दुकान म्हणजे एक लांबट खोली, तिला पुढे एक दार, मागे एक दार. मधल्या टेबलावर बहीण बसायची. ती पानांच्या घड्या सुई-दोऱ्याने शिवायची. भिंतीकडे तिचा धाकटा भाऊ पुठ्ठे कापायचा, खळ लावायचा, कापड चढवायचं काम करायचा. त्याचं वय चाळिशीच्या पुढे, मिशी चांगली जाड, तरी बहीण त्याला बाळ्या म्हणायची. खिडकीजवळ त्यांचे मामा. पुस्तकं दाबून ठेवायच्या शिकंज्यावर त्यांची हुकमत होती. कानांनी कमी ऐकायचे, त्यामुळे दुकानात सगळ्यात जास्त बोलायचे.

खळ पिठाची. पीठ म्हटलं की उंदीर आलेच. त्यांनी पुस्तकांच्या पाठी कुरतडल्या तेव्हा तिघं फक्त कुरकुरले. पण एकदा एक माणूस वडिलांच्या हाताने लिहिलेली वही बांधायला टाकून गेला. परत आला तेव्हा वहीचा अर्धाच भाग शिल्लक होता. तो माणूस रागावला नाही. त्याने उरलेली पानं रुमालात बांधली आणि निघून गेला. त्याच दुपारी भाऊ मला घेऊन आला. तेव्हा, मित्रांनो, मला आणणारी माणसं दुष्ट होती असं समजू नका.

*

पहिला उंदीर बहिणीने पकडला आणि तिनेच मागच्या दारी पाण्याच्या पिंपात मला बुडवलं. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हात दाबून धरायचा असतो. त्या दिवशी ती जेवली नाही. भावाला ते बघवेना.

"ताई, असं करू," तो म्हणाला. "ज्याने लावला त्याने बुडवायचा नाही. तू लाव, मी बुडवतो. मी लावला तर तू. अर्धं अर्धं."

"त्याने काय होईल?"

"जेवण जाईल."

आणि खरंच जेवण जायला लागलं. लावणारा म्हणायचा, मी फक्त पाव अडकवला. बुडवणारा म्हणायचा, मी फक्त पिंजरा रिकामा केला. पिंपाकडे नेताना माझ्यावर गोणपाट टाकायचं, तेही ठरून गेलं. मग दिसायचं काहीच नाही, फक्त गोणपाट जड लागायचं. आणि मी? मी फक्त बंद झालो होतो. इतके उंदीर मेले, पण मारले कुणीच नाहीत. मला ही सोय फार आवडली होती, हे कबूल करतो.

उंदरांबद्दलही मला कळवळा वाटावा असं काही नव्हतं. एकदा एकाच वेळी दोन अडकले, एक मोठा, एक लहान. दार पडल्याबरोबर मोठा लहान्याच्या अंगावर गेला. सकाळी भावाने गोणपाट टाकलं तेव्हा आत दीडच उंदीर होता. पिंपाकडे जाताना मी मनात म्हटलं, यांची लायकी हीच.

मग तो शनिवार आला.

*

शनिवार. दुपारी बहिणीने पाव लावला आणि ती शिवायला बसली. तो पाव मुंग्यांनी पोखरला. संध्याकाळी भाऊ झाडू मारताना वाकला, रिकामा आकडा बघितला, खळीत बुडवलेला पावाचा तुकडा अडकवला आणि कुलूप लावून गेला. बहिणीला त्याने सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात?

दोघांनाही वाटलं, या वेळी मी लावलाय.

*

रविवार. दुकान बंद. उजाडता उजाडता एक तरणा उंदीर आत शिरला, एका कानाची पाळी फाटलेली.

खट्.

तो गरगर फिरला. मग तारा चावल्या. मग फिरला. मग बसला. खिडकीतून उन्हाचा पट्टा जमिनीवर आला, सरकत सरकत माझ्यावरून गेला, पुढच्या भिंतीवर चढला. एवढा वेळ कुणाबरोबर कोंडून राहायची माझी ती पहिलीच वेळ. त्याच्या छातीची धडधड माझ्या तळाच्या लाकडातून मला कळत होती.

दुपारी पुठ्ठ्यांच्या चवडीमागून दुसरा उंदीर आला. थोराड, करडा. जमिनीवर ब्रशमधून सांडलेल्या खळीच्या पापड्या पडल्या होत्या. त्याने एक खाल्ली. दुसरी तोंडात धरून तो माझ्याजवळ आला, तारांशी ठेवली आणि मागे सरला. आतल्याने पंजे बाहेर काढून ती ओढून घेतली.

मुद्दाम दिली की तिथे विसरला, मी सांगू शकत नाही. उंदराच्या मनातलं मला काय कळतं? पण तो तिसऱ्यांदाही तसाच विसरला.

मग त्याने माझ्या तारा चावायला सुरुवात केली. दार एका बाजूला आणि हा चावतोय भलत्याच बाजूला. मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं. त्याच्या हिरड्यांचं रक्त माझ्या तारेला लागलं. तो थांबायचा, आतल्याचं नाक हुंगायचा, पुन्हा चावायचा. आई असेल, भाऊ असेल, कुणीच नसेल. त्याच कुळातल्या एकाने त्या लहान्याला खाल्लं होतं, हे मी विसरलो नव्हतो. दोन्ही मी बघितलं होतं, आणि दोन्ही खरं होतं.

लोक माझ्या तारा बोटाने वाजवून म्हणायचे, काय मजबूत आहे! त्या दुपारी मला प्रथमच वाटलं, आपण थोडे कच्चे असतो तर बरं झालं असतं.

*

सोमवार. दोनशे हजेरीपटांचं काम उरावर होतं, मंगळवारी द्यायचं. माणसं आली तसा करडा उंदीर पळाला. आतला मात्र खरवडत राहिला.

"बाळ्या, कोपऱ्यातून आवाज येतोय हं," बहीण म्हणाली.

"येतोय ना. मीही ऐकतोय."

"मग?"

"मग काय? ज्याचं काम तो करेल. आधी हजेरीपट होऊ देत."

"तेच म्हणते मी. ज्याचं काम त्याने करावं."

दोघं मान खाली घालून कामाला लागले. दोघांनाही वाटलं, आपण समजुतीने घेतोय. दुपारी बहिणीची सुई दोनदा बोटात गेली. भावाने एक पुठ्ठा उलटा चिकटवला. आवाज दोघांनाही ऐकू येत होता, आणि ज्यांना येत नव्हता ते मामा एकटेच मजेत होते.

संध्याकाळी कुलूप लागलं. दिवसभरात माझ्याकडे कुणी वाकून बघितलं नव्हतं. बघणं हे बुडवणाऱ्याचं काम, आणि बुडवणारा त्या दिवशी कुणीच नव्हता.

*

मंगळवार. आता खरवडणं थांबलं होतं. बहुधा त्यामुळेच बहिणीला राहवलं नाही.

"बाळ्या, तो नेणार आहेस का नाही? की वास यायची वाट बघतोयस?"

"मी का नेऊ? मी लावलाय!"

"तू कुठला लावलास? शनिवारी दुपारी मी लावला."

"आणि संध्याकाळी पाव कुणी अडकवला? तुझा मुंग्यांनी केव्हाच फस्त केला होता."

बहिणीच्या हातातली सुई तशीच राहिली. "म्हणजे दोघांनी लावला."

"मग बुडवायचा कुणी?"

याला त्यांच्या नियमात उत्तर नव्हतं. मामांनी शिकंज्याचा दांडा सोडला.

"सकाळी सकाळी कशावरून जुंपलीये?"

बहिणीने त्यांच्या कानाशी जाऊन सगळं ओरडून सांगितलं.

"माझ्या गळ्यात घालू नका हां," मामा म्हणाले. "कायदा तुमचा, तुम्ही निस्तरा. पण काय रे, जिवंत आहे की मेलाय, ते तरी बघितलंत का?"

भाऊ गोणपाट आणायला वळला. बहिणीने त्याच्या आधी मला उचललं आणि तसंच, उघडं, टेबलावर ठेवलं. हजेरीपटांच्या शेजारी.

तो कुशीवर पडला होता. पोट हलत होतं. तोंड उघडं होतं. त्याने डोळे फिरवून तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत माझ्या आत असलेल्याकडे त्या खोलीतल्या कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही.

"अगं बाई, तहानेने मरतोय हा. पाणी आण."

"ताई, बुडवायचाच आहे, तर पाणी कशाला पाजायचं?"

म्हणाला आणि त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. मग तोच उठला, डिंकाच्या बाटलीचं झाकण विसळलं, पाणी भरलं आणि तारांमधून वाकडं करून धरलं. अर्धं सांडलं. उरलेलं उंदीर प्यायला. जीभ इवलीशी, आवाज त्याहून लहान. तिघंही वाकून ऐकत होते, मामासुद्धा, ज्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं.

भावाने झाकण पुन्हा भरलं.

"हं," मामा म्हणाले, "आता बुडवा बघू."

बहिणीने मला उचललं आणि मागच्या दाराने बाहेर आणलं; भाऊ आणि मामा मागोमाग आले. मला पिंप दिसलं. उंदराला ते माहीत नव्हतं, मला होतं. पिंपाच्या पाण्यात आमची सावली पडली. बहीण थांबली. मग पिंपाला वळसा घालून ती कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेत गेली, मला गवतात ठेवलं, अंगठ्याने दार दाबलं आणि वर सळईला अडकवलं.

दार उघडं होतं. तो बाहेर आला नाही.

"जा की रे बाबा," भाऊ म्हणाला. त्याने माझ्या पाठीवर बोट वाजवलं. उंदीर आणखी आत सरकला.

"काडीने ढकलू का?"

"नको," बहीण म्हणाली. "राहू दे."

"आठ दिवसांत परत येईल बघ. इथेच."

"खळीच्या भांड्याला झाकण का ठेवत नाही रे तुम्ही?" मामांनी विचारलं.

भावाने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने जमिनीकडे. एवढी वर्षं शिवलं, कापलं, चिकटवलं. पुठ्ठ्याचं एक गोल झाकण करायला किती वेळ लागला असता, हे त्या दोघांना चांगलं माहीत होतं. इतक्यांदा पिंपात गेलेल्या मलाही ते कधी सुचलं नव्हतं. बहिणीने पदराने डोळे पुसले. भाऊ "ऊन लागतंय" म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.

हजेरीपट आत पडून होते. न्यायला माणूस आला, त्याने दोनदा हाक मारली. मामांना ती ऐकू आली नाही. बाकीच्या दोघांना आली. पण जागचं कुणी हललं नाही.

मित्रांनो, कोंडायला क्षण पुरतो. मी ते कितीदा केलं आहे. आणि दार उघडलं की आपण दयाळू झालो, असंही वाटून जातं. पण आतल्याला ते दार उघडलेलं कळायला वेळ लागतो. त्याला अजून तारा दिसत असतात. तेव्हा तुम्ही कधी कुणाला कोंडलंत, मुंगळ्याला डबीत, मांजराला खोलीत, नाहीतर एखाद्या मुलाला वर्गातल्या एकटेपणात, तर ते दार तुम्हीच जाऊन उघडा, दुसऱ्यावर सोपवू नका. आणि उघडल्यावर लगेच पाठ फिरवू नका. थोडं थांबा.

ते तिघं थांबले. बराच वेळ. मग माझ्या तळाच्या लाकडावर आधी पुढचे दोन पाय हलले, मग मागचे दोन, आणि गवताची एक काडी वाकली.