भिकुबाईची ओळ

मळ्याचे मालक असलेल्या धनसिंग आबाने वाकून रोपावरचा देठ अंगठ्याने हलकेच ढकलला. देठ टपकन गळला. पुढच्या रोपाचाही गळला, त्याच्या पुढच्याचाही. आबाचा चेहरा खुलत गेला आणि मागे उभ्या असलेल्या कौतिकचा उतरत गेला.

मोसंबीचा डोळा रानलिंबाच्या खुंटावर भरताना पान काढतात आणि देठ ठेवतात. तीन आठवड्यांनी बोट लावताच देठ गळला, तर डोळा लागला. वाळून चिकटून बसला, तर मेहनत पाण्यात. कौतिकच्या पन्नासांपैकी बत्तीस लागले होते. शेजारच्या ओळीत पन्नासांपैकी अठ्ठेचाळीस.

"कौतिक, ह्या डोया कोनी भरात?" आबाने विचारलं.

कौतिकच्या बायकोने, भिकुबाईने, पदर सावरत सांगितलं, "मी भरात, आबा. यास्ना बोटले काटा लागना व्हता, म्हनीसन."

"मंग पुढला साल सुरी हिनाच हातमा दे. तू सोपट बांध."

आबा हसला, गडी हसले. कौतिकही हसला, कारण न हसून करतो काय. पण तळपायाची आग मस्तकात गेली होती.

धुळ्याच्या सरकारी बागेत गोऱ्या साहेबाच्या हाताखाली चार वर्षं राबून तो हे काम शिकला होता. पांझरेकाठच्या गावांत डोळा भरायचा तर कौतिकने, अशी त्याची ख्याती. वीस वर्षं भिकुबाई त्याच्या मागे बसून भरलेल्या डोळ्यावर केळीच्या सोपटाची पट्टी तेवढी बांधायची. बांधता बांधता ही बया सगळं शिकली कधी? तेही कोणी न शिकवता! परका कोणी असता तर कौतिकने त्याला चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळा झाला असता. इथे पोटात दुखायला लावणारीच रात्री ताटात भाकरी वाढत होती. भाकरी चांगली झाली, तरी त्याला राग यायचा.

पुढच्या आठवड्यात सोपटं सोडायची होती. खोड जाड होऊ लागलं की सोपट सैल करावं लागतं, नाहीतर ते रुतून फास बसतो. भिकुबाई तापाने पडली होती, म्हणून कौतिक एकटाच मळ्यात गेला. आपली ओळ त्याने मन लावून सोडली. तिच्या ओळीपाशी आला, उकिडवा बसला, पहिल्या गाठीला हात लावला. गाठ सुबक होती. तो उठला आणि विहिरीवर जाऊन हातपाय धुतले.

"मन्हा रोपंसना सोपट सोडात का?" तिने अंथरुणातून विचारलं.

"बठ्ठा सोडात," तो म्हणाला.

महिनाभराने आबाने दोघांना बोलावणं पाठवलं. भिकुबाईच्या ओळीतले कोंब पिवळे पडले होते. निम्मे वाऱ्याने गाठीपाशीच मोडले होते. तिने एका रोपाशी बसून बोट फिरवलं. सोपट सालीत रुतलं होतं आणि गाठ तिचीच होती, कोणी हातही न लावलेली. तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. आता ही सगळ्यांदेखत आपली अब्रू काढणार, असं कौतिकला वाटलं.

"सोपट कोनी सोडं नही?" आबा गरजला.

"इसराई गयं, आबा," भिकुबाई म्हणाली. "चूक मन्ही शे."

"शेवट बाईमानूसनं काम. कौतिक, सुरी तूच धर रे भो."

त्या रात्री ती भांडेल, रडेल, निदान ताट आपटेल, म्हणून कौतिक वाट पाहत बसला. तिने ताट नेहमीसारखंच ठेवलं. त्याला हवं ते सगळं मिळालं होतं आणि भाकरी ताटात तशीच राहिली.

वर्ष सरलं. मार्गशीर्षात खुंटांची साल सुटू लागली, तशी त्याने सुरीला धार लावली.

"चाल, आबाना मयामा जावानं शे."

"मी कापूस येचाले जास."

"मंग सोपट कोन बांधी?"

भिकुबाईने भाकरी फडक्यात बांधली. "मन्हा बांधेल सोडानं कोनले याद ऱ्हास नही," ती शांतपणे म्हणाली आणि बाहेर पडली.

तो एकटाच निघाला. वाटेत कापसाच्या वावरात बाया आपापल्या ओळीची पात धरून वेचणीला लागल्या होत्या. त्यांतल्या एकीने त्याला पाहिलं.

"वं भिकुबाई, देख, तुन्हा मालक चालना."

भिकुबाईने मान वर केली नाही. दोन्ही हातांनी बोंडं रिकामी करत, कापूस ओटीत टाकत ती पुढे सरकत राहिली. कौतिक बांधावर उभा राहिला. तिची पात सगळ्यांच्या पुढे होती.