भिंतीला ठोकलेली चादर

मित्रांनो, मी एक जुनी सोलापुरी चादर आहे आणि माझ्या चारही कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं पडली. ती कुणी पाडली आणि कशापायी, ते आज सांगते. गोड सांगणार नाही. ज्याला गोड ऐकायचं असेल त्याने दुकानातल्या घडी न मोडलेल्या चादरीकडे जावं.

माझा जन्म अक्कलकोट रोड एमआयडीसीत झाला, अठरा नंबरच्या मागावर, तिप्पण्णांच्या हातून. लाल जमीन आणि एका टोकाला पिवळ्या मोरांची जोडी. एक मोर अर्धा विणून झाला होता, तेवढ्यात गेटवरून निरोप आला की मुलगी झाली. तिप्पण्णा वेड्यासारखे हसत उभे राहिले. नेमका तेव्हाच ताण्यातला एक उभा धागा तुटला. धागा तुटला की माग थांबवायचा, टोकं शोधायची, सांधायची आणि मग पुढे जायचं, ही मागावरची पहिली शिकवण. त्या दिवशी तिप्पण्णांनी माग थांबवला नाही. माझ्या मोराच्या मानेत वीतभर उभी फट राहिली. मुकादमाने ‘सेकंडचा माल’ म्हणून मला कोपऱ्यात भिरकावलं. तिप्पण्णांनी मला उचलून भवानी पेठेतल्या घरी आणलं आणि त्या मुलीला, चंद्रिकाला, माझ्यात गुंडाळलं.

ते दिवस बरे होते, नाही म्हणत नाही. चंद्रिका माझ्या फटीत बोट घालून झोपायची. शेजारच्या सुंदरम्मा मला चाचपून म्हणायच्या, “धू धू धुतली तरी रंग हाय तसाच की गं!” पुढे घरात मऊ ब्लँकेटं आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. कुणी साधी आठवणसुद्धा काढली नाही. उंदरांनी मात्र काढली.

एक गोष्ट मात्र मला तेव्हापासून खुपत होती. चंद्रिका एकदा डबा घेऊन कारखान्याच्या गेटपर्यंत गेली, तर तिप्पण्णांनी तिला तिथूनच हाकललं. “हितं पाऊल ठिवायचं न्हाय. तू हाफिसात बसायचं.” मागाच्या भाकरीवर वाढलेल्या पोरीने माग कधी पाहिलाच नाही, आणि बापाला त्याचीच मोठी ऐट होती.

पोरगी शिकली. कंपन्यांना सल्ले देणाऱ्या एका मोठ्या कंपनीत लागली. पेढे वाटले. “हाफिस कुटं हाय?” असं सुंदरम्मांनी विचारलं तेव्हा चंद्रिकाची आई चन्नम्मा हिने खाटेकडे बोट दाखवलं. खाट, तिच्यापुढे स्टूल, स्टुलावर लॅपटॉप. झालं ऑफिस.

पहिल्याच मीटिंगला घोटाळा झाला. चंद्रिकाच्या पाठीमागे चन्नम्मा कडक भाकरी थापत बसलेली. हा तिचा रोजचा धंदा, तो काय थांबणार? पडद्यावरचा टीम लीड म्हणाला, “मागे काय चाललंय हे? क्लायंटला तुझं किचन दाखवायचंय?” तो माणूस मला पहिल्या क्षणापासून आवडला नाही. खोटी पार्श्वभूमी लावायला लॅपटॉप जुना, म्हणून चंद्रिकाने मला माळ्यावरून ओढलं आणि वरवंट्याने चार खिळे ठोकून चुलीच्या कोपऱ्यापुढे दोन्ही भिंतींना पडद्यासारखं टांगलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “हे मोर काढ. लग्नाचा मांडव वाटतोय.” मग मोर कॅमेऱ्याबाहेर जावेत म्हणून मला खाली डोकं वर पाय केलं. ज्या चादरीत ती लहानाची मोठी झाली तिला तिने चोरासारखं उलटं टांगलं, मित्रांनो. मी ते विसरलेली नाही.

पण तिथून मला तिच्या खांद्यावरून सगळं दिसायचं. तिच्या नावापुढे एक हिरवा ठिपका असायचा. पाच मिनिटं माऊस हलला नाही की तो पिवळा व्हायचा आणि लगेच विचारणा यायची, “चंद्रिका, आहेस ना?” म्हणून ती उजव्या हाताने भाकरी खायची आणि डाव्या हाताने माऊस हलवत राहायची. उठावं लागू नये म्हणून पाणी पिणं तिने सोडूनच दिलं. दर शुक्रवारी एक फॉर्म यायचा, ‘तुम्ही तुमच्या कामावर किती समाधानी आहात?’ खाली रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच तोंडं. तिच्याबरोबर लागलेली कुर्डुवाडीची दिपाली विचारायची, “तू कुठलं देतेस?” चंद्रिका लिहायची, “हसरं. तू?” “मीपण हसरं.” दोघी कधी भेटल्या नव्हत्या, पण खोटं मात्र जोडीने बोलत होत्या.

पाचव्या महिन्यात तिला ‘प्रोजेक्ट मोगरा’ मिळाला. क्लायंटचं नाव गुप्त, गाव गुप्त, फक्त आकडे. कुठल्याशा कारखान्यातले माग किती वेळ चालतात आणि किती वेळ बंद असतात, याचे. चंद्रिकाने बंद वेळेचे गट पाडले. वीज गेली, धाग्याची कांडी बदलली, दुरुस्ती. पण रोज पाळीत दहा-बारा वेळा माग मिनिट-दोन मिनिटं थांबत होते, त्यांचं कारण कुठेच नव्हतं.

“हे थांबे कशाचे? फोन करून विचारू का?” तिने विचारलं.

“असले बाळबोध प्रश्न क्लायंटला विचारायचे नसतात,” लीड म्हणाला. “महिनाअखेर तुला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे. बघ बाई.”

तिने लाल रंगाचा रकाना काढला आणि वर लिहिलं, ‘विनाकारण थांबे’. मी भिंतीवर नुसती जळत होते. अगं, धागा सांधतात ते! माझी मान बघ! पण चादरीला तोंड असतं तर काय हवं होतं.

दोन आठवड्यांनी तिप्पण्णा संध्याकाळी घरी आले आणि चप्पल न काढता उंबऱ्यातच बसले.

“काय झालं की ओ?” चन्नम्माने विचारलं.

“बारा जणांना उद्यापासनं येऊ नका म्हणलेत. माज्या बाजूच्या मागावरला सिद्धराम बी त्यात. पाळीत चारदा माग थांबीवला की घरी. भिंतीला कागद लावलाय.” त्यांनी मोबाइलवरचा फोटो पुढे धरला. “कुटल्या मोट्या कंपनीनं केलंय म्हणे. हे लिवणाऱ्यानं जन्मात माग बघितलाय का इचारा!”

चंद्रिकाने फोटो पाहिला. लाल रकाना तिचा होता.

“अप्पा,” ती म्हणाली, “मी लिहिलंय ते.”

मग तिप्पण्णा उठले आणि त्यांनी मला भिंतीवरून ओढलं, खिळ्यांची पर्वा न करता. माझे कोपरे टरटर फाटले. मोराची फाटकी मान त्यांनी तिच्या नाकासमोर धरली.

“हे बग. हितं मी थांबलो न्हवतो. तू झालीस म्हून सांगावा आला आन मी थांबलो न्हाय. तवा हे झालं. सिद्धराम बारा बारा येळा थांबतो म्हून त्येचा माल धड निगतो. त्याला तू घालीवलंस.”

“मला कधी माग बघू दिला का तुम्ही?”

“तोंड वर करून बोलतीस?”

“मग कुणाला विचारायचं होतं मी? गेटवरनं हाकललं की तुम्हीच!”

तिप्पण्णांनी मला तिच्या मांडीवर फेकलं आणि ते बाहेर निघून गेले. दोघांचंही खरं होतं, आणि दोघांचाही मला संताप आला होता.

सकाळी मीटिंग होती. चंद्रिकाने मला परत टांगलं नाही. पाठीमागे उघडे खिळे आणि भाकरी थापणारी चन्नम्मा. पडद्यावर कारखान्याचे मालकही होते.

“आकड्यांत चूक आहे,” चंद्रिका म्हणाली. “माझी चूक आहे. ते थांबे विनाकारण...”

“चंद्रिकाचं नेटवर्क जरा गडबड करतंय,” लीड हसत म्हणाला आणि त्याने तिचा आवाज बंद केला.

ती ओरडली, पण ते ऐकू आलं फक्त मला आणि चन्नम्माला. मग तिने मला उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. मोर सुलटा. मानेतल्या फटीत बोट घातलं, लहानपणी घालायची तसंच, आणि ते हलवून दाखवलं.

मालक पुढे वाकले. “हा तर आमचा मोर. ताण्याचा धागा गेलाय. बोलू द्या तिला.”

ती बोलली. सगळं बोलली. लीडचा चेहरा बघून मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही.

त्या शुक्रवारी फॉर्म आला तेव्हा तिने पहिल्यांदा रडकं तोंड निवडलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं, ‘पाच महिने मी दिवसा पाणी पीत नव्हते.’ सोमवारी तिला कायम करणार नसल्याचं पत्र आलं. दिपालीचा निरोप आला, ‘मीपण रडकं दिलं गं.’

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. मालकांनी कागद फाडला आणि अकरा जण परत आले. सिद्धराम आला नाही. तो दुसऱ्या कारखान्यात लागलाय आणि रस्त्यात चंद्रिका दिसली की मान फिरवतो. तिप्पण्णाही तिच्याशी मोजकंच बोलतात. पण गेल्या आठवड्यात डबा घेताना ते म्हणाले, “येतीस का? अठरा नंबर दावतो.” ती गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी जुनं असेल तर त्याला पांघरा, वापरा, फाडा हवं तर. पण लाज झाकायला भिंतीला ठोकू नका. आणि ज्या हातांनी ते विणलं त्यांच्याविषयी लिहायचं असेल, तर आधी त्यांना विचारा.

माझी तीन भोकं चन्नम्माने भराभर सांधली. चौथं चंद्रिकाने स्वतःकडे घेतलंय. तिला ते काही जमत नाही. दर दोन टाक्यांनी थांबते, दोरा बघते, उसवते, तांब्यातलं पाणी पिते आणि परत सुई घालते. तीन दिवस झाले, एक भोक भरलेलं नाही. थांबू दे तिला.