१०१७० नंबरची पांढरी गाडी

"आवडीच्या वस्तू माणूस वाटत सुटला ना पोरी, की त्याच्यावर नजर ठेवावी," मरियमबी म्हणाल्या होत्या, आणि मृणालिनी त्यावर चक्क हसली होती.

मरियमबी शेजारच्या फ्लॅटमधल्या. मूळच्या चिपळूणच्या, पण दुबईच्या अल मनखूलमध्ये तीस वर्षं काढलेल्या. त्या दिवशी विरजण मागायला आल्या होत्या, तेवढ्यात संजय खोकं घेऊन दारात उभा राहिला. संजय म्हणजे मृणालिनीच्या नवऱ्याचा, सुजीतचा, मित्र. खोक्यात त्याचा लहानपणचा कॉम्प्युटर होता, आणि चार वर्षांच्या अस्मीसमोर तो ठेवून म्हणाला, "घे, तुला." अस्मीने एक अरबी बटण दाबून बघितलं आणि विचारलं, "इट्स व्हेरी ओल्ड. डझ इट हॅव गेम्स?"

हा कॉम्प्युटर म्हणजे साधी गोष्ट नव्हती. संजयचे वडील विजयकुमार फुजैराच्या बंदरावर नोकरीला होते, तेव्हा त्यांनी तो सत्त्याऐंशी साली घेतला. नाव 'सख्र', अरबीत खडक. संजयच्या आईने, लतिकाकाकूंनी, ते ऐकलं 'साखर'. मग त्या घरात तेच रूढ झालं. "साखर बंद कर आणि जेवायला ये," अशी हाक फुजैरात रोज संध्याकाळी ऐकू यायची म्हणे. मॉडेल होतं एएक्स-१७०. पुढे संजयने पांढरी गाडी घेतली तेव्हा शेवटी १७० असलेली नंबरप्लेट हुडकून काढली: १०१७०. पाच हजार दिरहम मोजले. "म्हणजे पंचावन्न हजार रुपये, नुसत्या पत्र्याचे," असं मृणालिनी तेव्हा बोलून गेली होती, आणि संजय दिवसभर खुशीत हसत होता.

हे दोन हजार आठच्या सुरुवातीचं. वर्षभरात बांधकामं जिथल्या तिथे थांबली, आणि फेब्रुवारीत संजयच्या ड्रॉइंग ऑफिसने अर्धी माणसं एका दुपारी काढली. त्यात तो होता. नोकरीबरोबर व्हिसाही जातो; रास अल खैमाच्या फ्री झोनमध्ये एका ओळखीच्याने नवा व्हिसा दिला, म्हणून संजय तिकडे खोली घेऊन राहायला गेला. जाताना जमवलेल्या जुन्या कॉम्प्युटरांतलं एकेक मशीन, दर शुक्रवारी सुजीतकडे जमणाऱ्या त्याच छंदाच्या मित्रांत वाटून टाकलं. अमिगा अरुणला, दोन अटारी सिद्धांतला, सुट्ट्या भागांचे तीन डबे सुजीतला. "खोली लहान आहे वहिनी," तो म्हणाला होता. मृणालिनीला ते पटलं. खोली लहान असतेच.

नंतर संजय शुक्रवारच्या बैठकीला यायचा बंद झाला. फोन वाजत राहायचा. पण काळजी कोणी केली नाही, कारण गाडी दिसत होती.

सिद्धांतला दुबईतच, करामामध्ये दिसली. अरुणने क्लॉक टॉवरजवळ हेडलाइट मारले, समोरूनही मारले गेले. खुद्द मृणालिनीने दोनदा, अस्मीला नर्सरीतून आणताना, त्या नंबरला हात केला. काच काळी होती, पण हॉर्न वाजला. पुण्याहून लतिकाकाकूंचा दर रविवारी फोन यायचा. "अगं, माझा फोन उचलत नाही तो. तुमच्या दृष्टीस पडतो ना?"

"पडतात की काकू. परवाच गाडी दिसली. कामात असतील."

असं तिने काकूंना पाच रविवार सांगितलं.

जूनमधल्या एका शुक्रवारी गाडी मृणालिनीच्याच बिल्डिंगखाली उभी दिसली. वर हॉलमध्ये बैठक भरलेली, आणि हा खाली येऊन वर येत नाही म्हणून तिला जरा रागच आला. तिने काचेवर टकटक केली. काच खाली झाली आणि आत दाढी राखलेला एक अनोळखी माणूस.

"जी बाजी?" ताईला हाक मारावी तसं त्याने विचारलं.

"ये संजयभाऊजी की गाडी है ना?"

"गाडी मेरी है. जहूर नाम है मेरा. नंबर खरीदा है, अप्रैल में." मग तो जरा हसला. "बाजी, एक बात बताइए. दो महीने से लोग हाथ हिलाते हैं, लाइट मारते हैं. मैं भी मार देता हूँ. मुझे लगा नंबर लकी है."

नंबर विकता येतो हे मृणालिनीला माहीत नव्हतं असं नाही. दुबईत तर लोक नंबरांचे लिलाव करतात, आणि पांढऱ्या गाड्या पैशाला पासरी. पण तो नंबर म्हणजेच संजय, हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की आतला माणूस बघायची गरजच कोणाला वाटली नाही. जिना चढेपर्यंत तिचा नुसता संताप झाला.

हॉलमध्ये टेबलावर अमिगा उघडा पडला होता. अरुण हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन सांगत होता, "अमिगा म्हणजे स्पॅनिशमध्ये मैत्रीण. ते नाव मुद्दाम—"

"आणि अटारी म्हणजे हिंदीत माळा," सिद्धांत म्हणाला. "शेवटी सगळी तिथेच जातात."

सगळे हसले. सुजीतसुद्धा.

"संजयभाऊजींचा आवाज शेवटचा कोणी ऐकला?" मृणालिनीने विचारलं.

"अगं, परवाच दिसला की मला," सिद्धांत म्हणाला. "दुबईत रोज येतो, आपल्याकडे यायला भाव खातो साहेब."

"दिसला? तोंड पाहिलंस?"

"गाडी पाहिली."

"ती गाडी खाली उभी आहे. जहूर नावाच्या माणसाची आहे. नंबर त्याने एप्रिलमध्ये विकत घेतलाय."

अरुणने स्क्रूड्रायव्हर हळूच खाली ठेवला. "पण वहिनी, मशीनं त्याने आपणहून दिली. आम्ही मागितली नव्हती."

"हो ना. तोंडानं नाही मागितली. घरी नेऊन पुसून ठेवली, फोटो काढून एकमेकांना पाठवले. कोणत्या कंपनीचं नाव कोणत्या भाषेतून आलं हे तुम्हाला झोपेत विचारलं तरी सांगाल. ज्याची ही मशीनं, तो कुठे जेवतो, ते सांगा. सांगा ना."

"मृणालिनी," सुजीत म्हणाला.

"तू तर बोलूच नकोस. आणि मी पण नको बोलायला. मी त्याच्या आईशी खोटं बोलत होते, पाच रविवार." तिचा आवाज चिरकला, त्याचाही तिला राग आला. "चावी घे. यल्ला, चल. आत्ता."

अस्मीला मरियमबींकडे सोडलं. मरियमबींनी कारण ऐकलं, 'मी सांगितलं होतं' वगैरे काही म्हटलं नाही, फक्त डब्यात आमटी-भात भरून दिला. ती आणि सुजीत निघाले; रास अल खैमापर्यंत तास-सव्वा तास लागला. पत्ता म्हणून एवढंच माहीत होतं: अल नखील, बेकरीच्या वर. त्या भागातल्या चौथ्या बेकरीच्या मालकाने, खैरुद्दीनने, ओळखलं. "इंडियन, दुबला? ऊपर है. रोटी लेता था. हफ्ते से नहीं आया."

त्यांनी बराच वेळ दार वाजवलं. मृणालिनीने शेवटी तळहाताने बडवलं. मग कडी निघाली.

संजय जिवंत होता. हे आधी सांगून टाकलेलं बरं. पण शर्ट अंगावर टांगल्यासारखा, दाढी वाढलेली, आणि खोलीत एक गादी सोडून काही नव्हतं. फोन आता बंद पडलेला, त्याचा चार्जरसुद्धा नव्हता. त्याने दाराच्या चौकटीला हात धरला आणि विचारलं, "वहिनी, तुम्ही इथे कशा? काही झालं का?"

आपल्याला काही झालं असेल असं त्याच्या मनातच नव्हतं. मृणालिनीला ओरडायचं होतं, ते जमलं नाही. तिने डबा उघडला. तो समोर बसून चार घास खाईपर्यंत ती हलली नाही. सुजीतच्या फोनवरून आईला फोन लावून दिला. संजय तीन वेळा "ठीक आहे आई" म्हणाला, तिन्ही वेळा भिंतीकडे बघत. दुबईला चल म्हटलं तर "इन्शाल्ला, पुढच्या शुक्रवारी," म्हणाला. आला नाही. डॉक्टरांकडे एकदा नेला, दुसऱ्यांदा नाही म्हणाला. मग ऑक्टोबरपर्यंत हेच दोघं दर शुक्रवारी जात राहिले. अरुण दोनदा आला. सिद्धांत एकदाही नाही, आणि ते मृणालिनी विसरणार नाही.

आता सुजीतची बदली मस्कतला झाली आहे. सामान गेलं. खैरुद्दीन लक्ष ठेवतो, पण तो या महिन्यात गावी जातोय, दोन महिन्यांसाठी.

म्हणून मृणालिनीचं वाचणाऱ्याला सांगणं आहे. तुम्ही रास अल खैमाला असाल, किंवा तिकडे काम निघालं, तर अल नखीलमध्ये खैरुद्दीनची बेकरी विचारा, वरचा मजला, डावीकडचं दार. फोन करू नका, तो उचलत नाही. दार वाजवा. उघडायला वेळ लागेल, थांबा. नाव सांगितलं नाहीत तरी चालेल, काहीतरी गरम खायला न्या आणि तो खाईपर्यंत बसा. कसा होता ते मृणालिनीला कळवा. खोटं सांगू नका.