कुर्र करणाऱ्या खुर्चीची बढती

मित्रांनो, शेवटी मला बढती मिळाली आणि हंकाकूला नारळ मिळाला. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. गोष्ट शेवटाकडून सांगायची नसते, आणि खुर्चीने तर मुळीच नाही. खुर्चीने कसं, एका जागी थांबून रीतसर सुरुवात करावी. तर करते.

मी एक जुनी फिरती खुर्ची आहे.

माझा जन्म एका कारखान्यात, पाळी सुटायच्या दहा मिनिटं आधी झाला. माझी पाठ आणि बैठक जिथे जोडली आहे, तिथे दोन वायसर बसवायचे असतात. मला जोडणाऱ्या कामगाराचा एक डोळा घड्याळावर होता. त्याने एक वायसर बसवला, दुसरा खिशात टाकला आणि तो घरी गेला. त्या वायसरचं पुढे काय झालं मला माहीत नाही. माझं झालं ते असं, की कुणी मागे रेलून बसलं की माझ्यातून 'कुर्र' असा आवाज येऊ लागला. तपासनीस माझ्यावर बसून गेला होता, पण तो ताठ कण्याचा माणूस, रेललाच नाही. अशा रीतीने मी पास झाले. तुमच्या वर्गातही असं कुणी ना कुणी असेलच.

मला पाणीपुरवठ्याच्या तक्रार केंद्रात आणलं. तिथे एका लांबट खोलीत अकरा टेबलं होती, अकरा फोन होते आणि खिडकी एकच होती. पहिली काही वर्षं माझ्यावर एक गृहस्थ बसले. त्यांनी मला कधी वाजू दिलं नाही, कारण ते दिवसभर पुढे वाकून लोकांवर खेकसत असत. ते निवृत्त झाले आणि हंकाकू आली.

हजेरीपटावर तिचं नाव वेगळं होतं, पण सगळे तिला हंकाकू म्हणत. फोनवर ती बहुतेक 'हं' एवढंच बोलायची. घरी मात्र ती इतकी बोलते, की तिच्या सासूबाई ती आली की कानातलं यंत्र काढून डबीत ठेवतात. हे तिनेच एकदा सांगितलं, आणि अभिमानाने सांगितलं.

तिची कामाची एक पद्धत होती. फोन आला की माणूस पाणी नाही म्हणायचा, खात्याला चार शिव्या द्यायचा. काकू मागे रेलायची. मी कुर्र करायचे. आणि मग ती गप्प बसायची. पलीकडच्याला माझा आवाज ऐकू जायचा, आणि बाई आता ऐकायला नीट बसल्या आहेत हे त्याला समजायचं. घड्याळाचा बारीक काटा दहा-बारा घरं पुढे जायचा, तोवर काकू गप्पच. मग माणूस दुसरंच काहीतरी सांगू लागायचा.

शेजारच्या टेबलावर नवी मुलगी आली तेव्हा काकूने तिला एवढंच शिकवलं. "पहिली तक्रार फोन लावण्यापुरती असते. खरी दुसरी असते. ती यायला जागा ठेवायची."

चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी फोन करून नळाला थेंब नाही म्हणून सांगितलं, आणि खात्यातल्या सगळ्यांना उलटं टांगावं असं सुचवलं. कुर्र. बारा घरं. मग मास्तरांचा आवाज बसला. पाणी नाही असं नाही, ते म्हणाले. टाकीचा कॉक गच्चीवर आहे. मंगळवारी घरात कुणी नसतं, आणि गच्चीचा जिना त्यांना आता चढवत नाही. हे घरात कळलं तर त्यांची चित्रांची खोली, जी वरच्या मजल्यावर आहे, ती जाईल. काकू 'हं' म्हणाली. त्या गल्लीत मंगळवारी मीटर बघणारा माणूस जातो, हे तिला ठाऊक होतं. त्या दिवसापासून दर मंगळवारी मास्तर फोन करून पाणी नाही म्हणायचे, काकू हं म्हणून मीटरवाल्याला निरोप द्यायची, आणि तो गच्चीवर जाऊन कॉक फिरवून यायचा. हे कुठल्याही नियमात बसत नव्हतं. माझ्यावर मात्र बसत होतं.

मधल्या काळात दुरुस्तीवाला तेलाची बुधली घेऊन दोनदा आला. काकूने त्याला दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलं. अशी आठ वर्षं गेली.

मग मोठे साहेब एक फुलांचा गुच्छ आणि एक यंत्र घेऊन आले. यंत्र यापुढे फोन घेणार होतं. ते काकूचे आठ वर्षांचे फोन ऐकून शिकणार होतं आणि काकूच्याच आवाजात बोलणार होतं. तुमचा आवाज आता अमर झाला, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. अमर माणसाला सुट्ट्या किती असतात, असं काकूने विचारलं. साहेब हसले आणि ते सांगायचं राहून गेलं.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा मी अर्धी वळायचे आणि दाराकडे तोंड करून थांबायचे. काकूचंही तसंच. जेवणाच्या सुट्टीत तिने दुसरीकडच्या नोकरीचा अर्ज काढला आणि 'अनुभव' या रकान्यापाशी अडकली. तिला एकच काम येत होतं आणि त्या कामाला नाव नव्हतं. आठ वर्षं गप्प बसले, असं लिहिता येत नाही. तिने अर्जाची घडी घालून माझ्या बैठकीखाली सरकवली. ती अजून तिथेच आहे.

यंत्राला शिकवायला एक हुशार, शांत मुलगी आली होती. तिने पहिल्यांदा यंत्र सुरू केलं तेव्हा ते काकूच्या आवाजात 'हं' म्हणालं, आणि त्यामागून आवाज आला, कुर्र. मुलीने तो दोष समजून काढून टाकला. तेव्हापासून लोक "कुणी आहे का तिकडे?" असं विचारून फोन ठेवू लागले. तिने कुर्र परत घातली. लोक थांबू लागले. साहेबांच्या बैठकीत माझ्यावर स्वतंत्र चर्चा झाली. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मी फुगले. इतक्या वर्षांत माझी स्तुती कुणी केली नव्हती. काकू शेजारी उभी आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही, हे माझ्या लक्षात आलं, पण उशिरा आलं.

पुढच्या मंगळवारी मास्तरांचा फोन यंत्राने घेतला. पाणी नाही, मास्तर म्हणाले. हं, यंत्र म्हणालं. कुर्र. मास्तर पुढचं बोलायला तोंड उघडतात तोवर यंत्राने तक्रार नोंदवल्याचं सांगून आभार मानले. दुपारी सहा माणसं आली आणि त्यांनी मास्तरांच्या दारासमोरचा रस्ता खणला. नळ ठीक आहे असं बघून बुजवला. मास्तरांनी पुन्हा फोन केला. पुन्हा खणला. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी रस्ता का खणताय हे विचारायला फोन केला, तेव्हा दोन ठिकाणी खणला. तिन्ही तक्रारींपुढे 'तत्काळ कार्यवाही' असा शेरा पडला आणि साहेबांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

काकू यंत्राला शिकवणाऱ्या मुलीला घेऊन साहेबांकडे गेली. मला पुरावा म्हणून ढकलत नेलं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, खुर्ची वाजली की मी गप्प बसते," काकू म्हणाली. "यंत्र वाजतं, पण गप्प बसत नाही. तेवढं त्याला शिकवा."

साहेबांनी मुलीकडे पाहिलं.

"काकू, ते रिकामे तुकडे होते," ती म्हणाली. "शिकवायच्या आधीच आम्ही कापून टाकले. नुसती जागा खात होते."

"सगळे?"

"आठ वर्षांचे."

काकू माझ्यावर बसली. रेलली नाही. निदान एक फोन माझ्याकडे राहू द्या, ती म्हणाली, ज्यांना थांबून बोलायचं असतं त्यांच्यासाठी. साहेबांनी सूचना चांगली आहे असं सांगून ती लिहून घेतली. लिहून घेतलेल्या गोष्टीचं काय होतं हे काकूला माहीत होतं, तीही त्याच खात्यातली.

शुक्रवार तिचा शेवटचा दिवस ठरला. यंत्राला माझे ताजे आवाज लागतील म्हणून मला मात्र त्याच्या काचेच्या खोलीत हलवायचं ठरलं. सकाळची कुर्र, दुपारची कुर्र, सहानुभूतीची कुर्र. हीच ती बढती, जी तुम्ही वाचलेली नाही.

शुक्रवारी काकूने टेबल आवरलं. पिशवीतून शिलाई मशीनच्या तेलाची लहान बाटली काढली. खाली वाकून तिने माझ्या सांध्यात दोन थेंब सोडले, मला दोनदा पुढे-मागे झुलवलं आणि कान लावून पाहिलं.

"माझ्यामागे वाजू नकोस, बाई," ती म्हणाली, आणि गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना वेळच्या वेळी तेल द्यावं, असं अशा गोष्टींच्या शेवटी सांगायचं असतं. मला मिळालं. आता मी काचेच्या खोलीत आहे. माझ्या पाठीला 'कृपया बसू नये' अशी पाटी लटकवली आहे. मी वाजत नाही हे अजून कुणाला कळलेलं नाही, कारण माझ्या जुन्या, निवडक चारशे अकरा कुर्र यंत्राजवळ जमा आहेत आणि ते त्या आलटून पालटून वापरतं. फोन मला इथे ऐकू येतात. कालही मास्तरांचा आला. माझा आवाज झाला, मी न करता झाला. या वेळी मास्तरांनी पाण्याचं काढलंच नाही.

"खुर्ची ऐकू येते," ते म्हणाले. "बसलंय कोण?"

यंत्राने तक्रार नोंदवली. सकाळपासून त्यांच्या दारात खणताहेत.

मला खिळून राहता येत नाही, फिरती आहे. पण फिरून फिरून तोंड काचेकडेच येतं. म्हणून हा अर्ज.

प्रति, माननीय मोठे साहेब.
विषय: एक माणूस मंजूर होणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती की, सदर खुर्चीस बसण्यासाठी एक माणूस मंजूर करण्यात यावा. माणूस पूर्वीचाच असावा. ते शक्य नसल्यास, कापून टाकलेली आठ वर्षांची शांतता शोधून तिच्या मूळ जागी पुन्हा जोडण्यात यावी. पूर्वीच्या माणसाचा नोकरीचा अर्ज बैठकीखाली घडी करून ठेवला आहे, त्यातील रिकामा रकाना हाच अनुभव समजावा. उत्तर येईपर्यंत सदर खुर्ची वाजणार नाही.