कैसरच्या नावाची ओळ

लोथार पाल्के शनिवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात शिरला तो दंडाला लाल फडकं बांधून आणि खांद्याला बंदूक लटकवून. याच पोराकडून माझ्या नवऱ्याने दोन वर्षं धर्माचे धडे घोकून घेतले होते. आता बराकीतल्या सैनिकांनी त्याला आपल्या समितीचा म्होरक्या केलं होतं.

"बातमी आलीय, पाद्रीसाहेब," तो म्हणाला. "दुपारी कैसरने गादी सोडली. उद्याच्या प्रार्थनेत त्याचं नाव नको."

गोटहोल्डने सलगमच्या सूपातला चमचा बाजूला ठेवला. "कैसर आपल्या चर्चचे प्रमुख आहेत, लोथार. मी शपथ घेतलीय. दर रविवारी मी त्यांच्यासाठी..."

"प्रमुख होते."

"ते बर्लिनहून वरिष्ठांनी मला कळवावं."

"तुमचे वरिष्ठ पलंगाखाली लपलेत!" लोथारने आवाज खाली आणला. "हे बघा, आमच्यात कील बंदरातल्या बंडातून आलेला एक खलाशी आहे. काल स्टेशनवर त्याने एका कॅप्टनच्या खांद्यावरच्या हुद्द्याच्या पट्ट्या फाडल्या. कॅप्टनने हात उगारला, तर गोळी घालून तिथेच आडवा केला त्याला. उद्या तो चर्चमध्ये येणार. जो कोणी ते नाव घेईल त्याला बाहेर ओढायचं, असं समितीत ठरलंय. मीही हात वर केला. नाही म्हणायची सोय होती कुठे?"

तो गेला आणि मी नवऱ्याला धारेवर धरलं.

"त्या माणसासाठी मी मुलगा दिलाय. आता नवराही देऊ? एक ओळ गाळलीस तर देव काय तुझा कान धरणार आहे?"

"ती ओळ गाळली, ऑटिली, तर योआखिम गेला कशासाठी?"

आमचा योआखिम मार्चमध्ये फ्लँडर्सच्या आघाडीवर मारला गेला होता. मी नुसती रडले, आणि ते रडणं खरं होतं, तरी त्याचा उपयोग होतोय हेही मला कळत होतं. शेवटी तो म्हणाला, "बरं. गाळतो."

रविवारी चर्च गच्च भरलं. जमीनदाराचं नक्षीदार बाक तेवढं रिकामं होतं. कैसरच्या वाढदिवसाला सगळ्यांत मोठ्याने जयजयकार करणारा हा गृहस्थ. आज त्याला सर्दी झाली होती म्हणे! दाराजवळच्या खांबाला टेकून खलाशी उभा होता. टोपी डोक्यावरच. शेजारी लोथार.

लोथारची आई दुसऱ्या बाकावर होती. विषमज्वरात म्हातारीचे कान गेले, तेव्हापासून ती सगळी प्रार्थना डोळे मिटून, मोठ्याने, आपल्याच चालीने म्हणायची. कधी पाद्रीच्या मागे, कधी पुढे. आम्हाला त्याची इतकी सवय होती, की तिचा विचार कुणाच्या मनातच आला नाही. कैसरने गादी सोडल्याचं तिच्या कानात ओरडून कुणी सांगितलं नव्हतं. पोटच्या पोरानेही नाही.

प्रवचन संपलं. लांब प्रार्थनेसाठी आम्ही सगळे उभे राहिलो. आजाऱ्यांसाठी, पेरणीसाठी, रणांगणावरच्यांसाठी. मग गोटहोल्ड थांबला. मी पुढच्या बाकाची कड घट्ट धरली. गाळ, एवढं गाळ आणि पुढे जा.

आणि त्या शांततेत म्हातारीचा खणखणीत आवाज आला.

"प्रभो, आमचा राजा, कैसर विल्हेल्म, याच्यावर आणि त्याच्या घराण्यावर कृपा कर!"

खलाशाने बंदूक हातात घेतली. "कोण बोललं?"

एकही मान वळली नाही. म्हातारी मात्र पुढची ओळ म्हणतच होती. तो बूट आपटत बाकांमधून आला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं आणि सरकून त्याला जागा करून दिली.

"ये रे बाळा, ये इथे."

"चल, बाहेर चल," खलाशी म्हणाला आणि तिचा दंड धरला.

मी वळून लोथारकडे पाहिलं. काल समितीत वर झालेला त्याचा हात आता मांडीशी चिकटला होता.

तेवढ्यात वेदीवरून गोटहोल्डने ती ओळ म्हटली. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, कैसरच्या सगळ्या बिरुदांसकट, लग्नात आशीर्वाद देतात तशी सावकाश.

"आता नाव मी घेतलंय," तो म्हणाला. "तिला सोड."

मला संताप आला. कैसरचा आला, लोथारचा आला, पण सगळ्यांत जास्त माझ्या नवऱ्याचा आला. तरी त्या क्षणी तो मला जितका आवडला तितका लग्नाच्या दिवशीही आवडला नव्हता.

खलाशाने त्याला कॉलर धरून बाहेर नेलं, कबरस्तानाच्या भिंतीशी उभं केलं. मी मागे धावले. बंदूक वर गेली तसा लोथार धडपडत आला आणि दोघांच्या मध्ये घुसला. त्याने गोटहोल्डच्या गळ्याखालच्या, पाद्रीच्या पोशाखातल्या दोन पांढऱ्या पट्ट्या मुठीत धरल्या आणि टरकन फाडल्या.

"झालं!" त्याचा आवाज चिरकला. "फाडल्या याच्याही पट्ट्या. हात उगारला नाही याने. निकाल लागला."

खलाशाने त्याच्याकडे पाहिलं. "ती म्हातारी तुझी कोण?"

"आई."

खलाशी थुंकला, बंदूक खांद्याला अडकवली आणि फाटकातून निघून गेला. मी तिथेच एका कबरीच्या दगडावर बसले.

संध्याकाळी लोथार परत आला. या वेळी बंदूक नव्हती. तो दारातच घुटमळला.

"पाद्रीसाहेब, कैसर हॉलंडमध्ये आहे. आज पहाटेच सरहद्द ओलांडली त्याने. आपण चर्चमध्ये होतो तेव्हा तो केव्हाच पलीकडे गेला होता."

"सैन्य घेऊन?" गोटहोल्डने विचारलं.

"नाही. सैन्य आहे तिथेच आहे."

गोटहोल्डचा हात उघड्या गळ्याशी गेला. तिथे ओरखडा उठला होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू ही गोष्ट मला ठाऊक होती आणि मी त्याच्यापासून लपवली होती.

"ऑटिली," तो म्हणाला, "असं निघून जाता येतं, हे योआखिमला कुणी सांगितलं कसं नाही?"