लोटनचा चेंडू मातीवर

माझ्या लेकीच्या, इंदिरेच्या, पहिल्या मुलाचं बारसं होतं, म्हणजे साल अठ्ठ्याऐंशी. धुळ्याहून जळगावच्या एसटीत चढलो, तर खिडकीजवळ लोटन आधीच बसलेला. मांडीवर पिशवी, पिशवीत लाल चेंडू.

"तुले कोनी बलावं बारसाले?" मी म्हटलं.

"बारसाले नही. जेवन झाये का मैदानवर ये. जळगावले मातीनी विकेट तयार व्हयेल शे."

लोटन एसटीच्या वर्कशॉपमध्ये टायर बदलायचा आणि रविवारी ऑफस्पिन टाकायचा. स्टंपांमागे मी. धुळ्यात आम्ही आयुष्यभर काथ्याच्या मॅटवर खेळलो. मॅटवर त्याचा चेंडू हातभर वळायचा. पानठेल्यावर लोक म्हणायचे, "लोटनभाऊ, तू टेस्टमा पायजे व्हता!" तो हसायचा नाही. रेडिओवर कसोटी लागली की कान देऊन ऐकायचा आणि मध्येच मला विचारायचा, "खरं सांग, चेंडू मी वळाडस का मॅट वळाडस?"

मॅटवर चेंडू कोणाचाही वळतो. कसोटी मातीवर होते, आणि मातीवर त्याने जन्मात एक चेंडू टाकला नव्हता. त्याची बायको कमलबाई गेली, मूलबाळ नव्हतं. डेपोमागच्या खोलीत तो आणि हा प्रश्न, दोघंच राहत होते. आता गुडघाही दुखायला लागला होता.

जळगावात पिंप्राळ्याला इंदिरेकडे पाळणा म्हणून झाला, जेवणं झाली, आणि मी रिक्षा करून मैदानावर गेलो. लोटन पायरीवर बसला होता. दुपारची वेळ, सगळीकडे सामसूम. मैदानाचा माळी गिरधर म्हणाला, "आबा, चपला काढा. सकाळीच पाणी मारलंय. मला रोलर फिरवायचाय, तोवर टाका काय ते."

त्याने एक जुनी बॅट दिली. फलंदाज म्हणून मी कधीच कामाचा नव्हतो, पण दुसरं होतं कोण?

लोटन अनवाणी चार पावलं चालत आला. चेंडू पडला आणि सरळ गेला.

"वळना का?"

"नही वळना."

पुढचाही सरळ. त्याने बोटावर थुंकी लावली, पुन्हा आला. मी पाय पुढे टाकून चेंडू दाबायला गेलो आणि बॅटखालून तो स्टंपावर गेला. मग पुन्हा तसंच. मी पोचायचो तिथे चेंडू आलेलाच नसायचा.

लोटन धापा टाकत जवळ आला. "आते सांग. खोटं बोलू नको."

"वळस थोडाच. पन हवामा थांबी जास. इतला वरीस तुन्हा चेंडू झेला, तरी माले कळत नही कथा पडी." चेंडू कुठे पडेल, ते मला खरंच कळत नव्हतं.

त्याने चेंडू पँटीला पुसला. "तू मन्हा दोस्तार शे. तुन्हं काय धरू?"

त्याचं खरं होतं. आणि दुसरं विचारायला त्याला कोणी नव्हतं.

तो स्टंप उपटायला निघाला आणि मध्येच थांबला. मॅटवर ठसा राहत नाही. इथे ओल्या मातीत माझ्या टाचेच्या खुणा होत्या, आणि त्यांच्या हातभर पुढे चेंडूचे ठसे, एकमेकांना चिकटून, एका रुमालाखाली झाकतील असे. आपला चेंडू कुठे पडतो हे लोटन पहिल्यांदा बघत होता.

"हाई मन्हं शे?"

"तुन्हंच. आनि हाई मन्हा पाय. माले वाटे, चेंडू आठे पडी."

"बठ्ठा आठेच पडना?"

"बठ्ठा. एकूनएक."

तो खाली बसला. ठशांवर पंजा ठेवून बराच वेळ बसून राहिला. गिरधर माणसं घेऊन रोलर ओढत आला. "सरका, आबा."

लोटन गुडघा धरून उठला. "फिराव भो," म्हणाला. रोलर पार जाईपर्यंत उभा राहिला, मग चपला घातल्या.

त्यानंतर त्याने मला तो प्रश्न कधी विचारला नाही. रेडिओवर विकेट पडली की एवढंच म्हणायचा, "चेंडू कथा पडना, ते सांगाले पायजे."

लोटन चुडामण पाटील त्र्याण्णव साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, धुळ्याला आपल्या खोलीत वारला.